विजया : गंध, रस आणि संकरित वाणांचा प्रश्न

चिखली, तळवडे, चाकण या औद्योगिक पट्ट्यात रात्रपाळीच्या कामगारांमध्ये निद्रानाशाची तक्रार नित्याची आहे. त्यांपैकी एखादा रुग्ण विचारतो, "परदेशातली संकरित भांग झोपेला चांगली म्हणतात. तुमच्या औषधात तीच असते ना?" याचे नेमके उत्तर वैद्याला आणि औषधविक्रेत्यालाही देता आले पाहिजे.

भावप्रकाश निघंटूत भंगा ही तिक्त रसाची, लघु व तीक्ष्ण गुणांची, उष्णवीर्य, ग्राही, पाचक, कफहर व पित्तकर सांगितली आहे. मोह व मद वाढविणे हेही तिचे कर्म तेथेच नोंदविले आहे. जातिफलादि चूर्णासारख्या कल्पांत ती इतर द्रव्यांसह, शोधन करून व ठरावीक मात्रेत येते.

संकरित वाणांचे प्रयोजन निराळे आहे. १९९० च्या दशकात नेदरलँड्समध्ये प्रसिद्ध झालेला 'व्हाइट विडो' हा वाण ब्राझील व दक्षिण भारतातील वाणांच्या संकरातून निर्माण झाल्याचे सांगितले जाते. अशा वाणांचा वापरला जाणारा भाग म्हणजे बीज न धरलेला, राळेने भरलेला मादी फुलोरा होय.

या फुलोऱ्याचा गंध मुख्यतः टर्पिन वर्गातील उडनशील द्रव्यांमुळे येतो. लिमोनिनमुळे लिंबाच्या सालीचा, पायनिनमुळे चीडाच्या राळेचा, तर कॅरिओफायलीनमुळे मिरी-लवंगेचा भास होतो. काही वाणांचा उग्र दर्प गंधकयुक्त संयुगांमुळे असतो, हे २०२१ मध्ये स्पष्ट झाले. मात्र १९६४ मध्ये गाओनी व मेशुलाम यांनी शुद्ध स्वरूपात वेगळे केलेले मदकारी द्रव्य टीएचसी हे स्वतः जवळजवळ गंधहीन आहे. म्हणून वास किंवा चव यांवरून तीव्रतेचा अंदाज बांधणे ही घोडचूक ठरते. अमेरिकेत जप्त केलेल्या मालातील टीएचसीचे सरासरी प्रमाण १९९५ मध्ये सुमारे ४ टक्के होते. २०१४ मध्ये ते सुमारे १२ टक्के झाले. आजच्या कित्येक संकरित फुलोऱ्यांत ते याहूनही अधिक असते.

सेवनमार्गानेही परिणाम बदलतो. धूम्रपानाने मद काही मिनिटांत चढतो. पोटातून घेतल्यास त्याला अर्धा ते दोन तास लागतात. यकृतात टीएचसीचे अधिक प्रभावी द्रव्यात रूपांतर होते आणि परिणाम सहा-आठ तास किंवा त्याहून अधिक टिकतो. गुण येत नाही म्हणून रुग्णाने दुसरी मात्रा घेतली, तर दोन्हींचा परिणाम एकत्र होतो. अशा अवस्थेत प्रेस मशीनवर उभे राहणे वा दुचाकी चालविणे जिवावर बेतू शकते.

कायद्याची रेषाही येथेच आहे. अमली पदार्थविषयक १९८५ च्या अधिनियमानुसार फुलोरा म्हणजे गांजा. फुलोऱ्याशिवायची पाने व बिया त्या व्याख्येत येत नाहीत. तथापि पानांवर राज्याचे नियंत्रण आहेच. शिवाय भांग औषध नियमांच्या अनुसूची ई-१ मध्ये असल्याने अशा पोटात घेण्याच्या औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना आवश्यक असते.

तात्पर्य, द्रव्याचा भाग, शोधन, मात्रा आणि परवानाधारक उत्पादकाचे लेबल या चार गोष्टी पाहूनच औषध द्यावे. गर्भिणी, स्तनदा माता व उन्मादाचा इतिहास असलेल्या रुग्णांत ते टाळावे. आणि त्या कामगाराला सांगावे, "नाव एका कुळाचे असले, तरी ती वस्तू आमचे औषध नव्हे."