द्राक्षातला ०.०५

२०१० च्या हंगामात महाराष्ट्राची द्राक्षे युरोपच्या बंदरांत अडकली. क्लोरमेक्वाट क्लोराइडचा, म्हणजे बागायतदारांच्या ‘सीसीसी’चा, अंश किलोमागे ०.०५ मिलिग्रॅमच्या मर्यादेबाहेर गेला होता. हे वाढनिरोधक. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर शेंडा थांबावा, काडीत घड धरावा म्हणून मारतात. काढणी होते पुढच्या वर्षी, पण वेलीने ते तोवर जपून ठेवले. आपल्या निर्यात तपासणीच्या यादीत ते नव्हते. अहवाल चांगले आले आणि तिकडे माल नापास झाला. त्याचा मोठा फटका बागायतदारांना बसला.

अशी मर्यादा येते कुठून? ‘एमआरएल’ म्हणजे उर्वरित अंशाची कमाल मर्यादा. शिफारशीच्या मात्रेत फवारून, ठरलेले दिवस थांबून फळ तोडले तर त्यात किती अंश उरतो, हे शेतातल्या चाचण्यांत मोजतात. मग तो पोटाला झेपतो का, हे पाहतात. समजा, प्राण्यांवर रोज किलो वजनामागे ५ मिलिग्रॅमपर्यंत अपाय दिसला नाही. त्याला शंभराने भागायचे. प्राण्यापासून माणसापर्यंतच्या फरकासाठी दहा, माणसामाणसांतल्या फरकासाठी दहा. उरले शरीराच्या वजनाच्या किलोमागे रोज ०.०५ मिलिग्रॅम. पंधरा किलोच्या मुलाला दिवसाला ०.७५ मिलिग्रॅम चालेल. ०.०५ अंशाच्या द्राक्षांतून तेवढे पोटात जायला पंधरा किलो द्राक्षे लागतील. मर्यादा ओलांडलेला घड खाल्ला की माणूस आजारी पडतो, असे म्हणूनच नाही. पण तिथे फवारणीची शिस्त मोडली असण्याची दाट शक्यता असते, आणि ती मोडत राहिली तर हा शंभरपटीचा आधार झिजतो.

आयात फळांचा पेच वेगळा. जे पीक आपल्याकडे होत नाही, त्याच्या औषधाच्या चाचण्याही आपल्याकडे नसतात. अशा वेळी युरोपीय संघ सरसकट ०.०१ लावतो, आपले अन्नसुरक्षा प्राधिकरणही सर्वसाधारणपणे तेच करते. निर्यातदार देशाने चाचण्यांची आकडेवारी दिली, तर युरोप त्या फळापुरती वेगळी मर्यादा ठरवू शकतो. पेरू देशातून आलेल्या ब्लूबेरीला आपण विचारायचा प्रश्न तोच, जो युरोपने आपल्या द्राक्षांना विचारला.

२००६ पासून ‘ग्रेपनेट’ या नोंदणी यंत्रणेत निर्यातीचा प्रत्येक प्लॉट नोंदला जातो, नमुना प्रयोगशाळेचा माणूस घेतो. पुण्याजवळच्या मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र त्यावर देखरेख ठेवते. नेदरलँड्सच्या मुलासाठी एवढे होते. आमच्याकडे पैठण रस्त्यावर चितेगावात कारखान्याची शिफ्ट सुटल्यावर कामगार घरी किलोभर द्राक्षे नेतो, त्याच्या घडामागे असा प्लॉट क्रमांक नसतो. हा भेद मला सहन होत नाही. आमच्या जाधववाडीच्या बाजार समितीत हंगामभर द्राक्षांचे नमुने घ्यावेत, अहवाल फळ्यावर लावावेत. घरी मिठाच्या पाण्याने द्राक्षे धुतली तर वरची धूळ जाते, थोडे औषधही जाते. सीसीसीसारखे वेलीत भिनलेले जात नाही. ते बागेतच रोखावे लागते, शेवटच्या फवारणीची तारीख वहीत लिहून.