भोजनसमारंभातील उक्ती : बर्न्स सपर आणि आपली पंगत

पाने वाढून झाली, भातावर तूप पडले, की पंगतीतील एखादे वडीलधारे गृहस्थ "कोण म्हणतो श्लोक?" असे विचारतात, हा अनुभव आपणांपैकी बहुतेकांना असेल. श्लोक संपतो, जयघोष होतो आणि मगच पहिला घास उचलला जातो. तोच श्लोक पुस्तकात वाचला तर चार ओळींचा मजकूर असतो. पंगतीत मात्र तो एक कार्य करतो. विखुरलेल्या पन्नास माणसांना तो एका क्षणी एकत्र जेवायला बसवतो. अशा रचनांना आपण प्रसंगनिष्ठ रचना म्हणू. त्यांचा विचार करताना दूरच्या एका प्रथेशी तुलना उपयोगी पडते.

स्कॉटलंडचा लोककवी रॉबर्ट बर्न्स (1759–1796) हा शेतकऱ्याचा मुलगा होता. त्याच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी, जुलै 1801 मध्ये, त्याचे काही मित्र अ‍ॅलोवे येथील त्याच्या जन्मघरी एकत्र जेवले. त्यातून 'बर्न्स सपर' ही प्रथा निघाली. पहिले भोजन पुण्यतिथीचे होते. पुढे ते जयंतीला, म्हणजे 25 जानेवारीला, होऊ लागले. या भोजनाचे मुख्य पक्वान्न हॅगिस. मेंढीचे हृदय, यकृत व फुप्फुसे बारीक करून त्यांत ओटचा भरडा, कांदा आणि चरबी मिसळतात व ते मेंढीच्या जठरात भरून शिजवतात. हे गरिबाघरचे अन्न आहे. बर्न्सने 1786 मध्ये त्याच्यावर कविता रचली. आजही हॅगिसचे ताट वाद्याच्या गजरात आणले जाते, ती कविता म्हटली जाते आणि ठरावीक ओळीला सुरी चालवली जाते. आपल्या परिसरात गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर भाजलेले रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी यांना जो मान आहे, तो आठवला म्हणजे या गौरवाचे नवल वाटणार नाही.

जेवणानंतर टोस्ट होतात. टोस्ट म्हणजे कोणाच्या तरी नावाने पेला उंचावून केलेले छोटे भाषण. मुख्य टोस्ट कवीच्या अमर स्मृतीचा. त्यात वक्ता कवीच्या आयुष्याचा व काव्याचा एखादा पैलू मांडतो. त्यानंतर एक पुरुष स्त्रियांना उद्देशून थट्टेखोर टोस्ट करतो आणि एक स्त्री त्याला उत्तर देते. हे उत्तर फार महत्त्वाचे आहे. ज्यांच्याविषयी बोलले गेले त्यांना बोलण्याची पाळी मिळाली नाही, तर थट्टेचा टोमणा होतो. आपल्याकडील उखाण्याशी याची तुलना करून पाहा. उखाण्यातही नाव घेण्याचा आग्रह, थट्टा आणि चातुर्य आहे. परंतु नवरदेवाने नाव घेण्याची प्रथा रूढ होण्यापूर्वी परीक्षा बहुधा नववधूचीच होत असे.

पेल्यात तेथे व्हिस्की असते. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, त्यामुळे येथे कोणी टोस्टची प्रथा उचलली तर मठ्ठ्याचा पेला उंचवावा लागेल, आणि त्याने काही बिघडत नाही. (बर्न्स उत्तरायुष्यात अबकारी खात्यात नोकरीला होता, ही गंमत जाता जाता नोंदवावी.) उक्तीचे बळ पेयात नसते, ती कोण, कोणासमोर, कोणत्या क्षणी उच्चारतो यात असते.

लोककवीचे सामुदायिक स्मरण आपल्यालाही नवे नाही. वर्धा नदीपलीकडे अमरावती जिल्ह्यात मोझरीचे गुरुकुंज आहे. तेथे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या (1909–1968) पुण्यतिथीला मोठा समुदाय जमतो आणि मौन श्रद्धांजली वाहिली जाते. गावोगावी त्या दिवसांत सामुदायिक प्रार्थना, खंजिरीच्या साथीने भजने आणि महाप्रसाद असतो. येथे कवीच्या अमर स्मृतीचे भाषण नाही, तर हजारो माणसांनी एकाच वेळी पाळलेले मौन आहे. प्रसंगाला शब्द निवडताना कधी शब्द न निवडणे हाही पर्याय असतो, हे या उदाहरणातून ध्यानात घ्यावे.

आता या विषयातील अवघड बाजू. मराठीत 'पंक्तिप्रपंच' असा एक नेमका शब्द आहे. एकाच पंगतीत एकाला जास्त तूप आणि दुसऱ्याला कमी वाढणे, हा त्याचा अर्थ. ज्यांना पंगतीत बसूच दिले जात नव्हते, त्यांच्या वाट्याला तर तो प्रपंचही आला नाही. अन्न परब्रह्म आहे असे सांगणारे श्लोक ज्या पंगतींत म्हटले गेले, त्यांतील अनेक पंगती जातीनुसार वेगळ्या बसत होत्या. म्हणून जमनालाल बजाज यांनी 1928 मध्ये वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर दलितांसाठी खुले केले, किंवा सेवाग्रामच्या आश्रमात सर्वजण एकत्र जेवू लागले, या घटना श्लोकाच्या अर्थाशी थेट संबंधित आहेत. श्लोक बदलला नाही, पंगत बदलली. आणि पंगत बदलताच श्लोकाचा अर्थ खरा होऊ लागला.

पंक्तिप्रपंच शब्दांतही होतो. समजा, 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनी आपल्या अभ्यासकेंद्रात कुसुमाग्रजांच्या स्मरणार्थ सहभोजन ठरले. अध्यक्ष, प्रमुख पाहुणे आणि देणगीदार यांच्या गौरवात अर्धा तास जातो आणि रोडगे भाजणाऱ्यांचे नावही कोणी घेत नाही, असे घडू नये. प्रारंभीची उक्ती सर्व धर्मांच्या उपस्थितांना सोबत म्हणता येईल अशी असावी, आणि तशी न सापडल्यास क्षणभर शांतता पाळावी. कवीविषयीचे भाषण एकच, दहा मिनिटांचे. चरित्राची सनावळी टाळून एकाच कवितेवर बोललेले बरे. थट्टेची उक्ती ठेवायची असल्यास उत्तर देणारी व्यक्ती आधीच ठरवावी आणि तिला पहिल्या भाषणाचा विषय कळवावा. अन्न रांधणाऱ्यांचा गौरव शेवटी, सर्व उठू लागल्यावर उरकू नये. ते स्वतः पंगतीत बसलेले असताना करावा. याचा अर्थ वाढण्याचे काम आळीपाळीने करावे लागेल.

कृती : आपल्या गावातील एका पंगतीत म्हटले जाणारे श्लोक, उखाणे व जयघोष लिहून घ्या. प्रत्येकासमोर तीन गोष्टी नोंदवा : तो कोणी म्हटला, कोणत्या क्षणी म्हटला, आणि त्या वेळी पंगतीबाहेर कोण उभे होते.