बाळाची चाहूल आणि दोन सिनेमे

रविवारसाठी सिनेमा सुचवतोय: ‘वेल डन बेबी’. दिग्दर्शन प्रियांका तंवर यांचं. ९ एप्रिल २०२१ ला तो थेट अ‍ॅमेझॉन प्राइम व्हिडिओवर आला. तेव्हा कोरोनामुळे राज्यातली थिएटरं बंद होती, त्यामुळे अनेकांचा तो राहूनच गेला.

लंडनमधलं मराठी जोडपं, आदित्य आणि मीरा (पुष्कर जोग, अमृता खानविलकर), घटस्फोटाच्या उंबरठ्यावर असतं आणि नेमकी तेव्हाच बाळाची चाहूल लागते. त्यात घरात मीराची आई, म्हणजे वंदना गुप्ते! सिनेमाचं खरं बळ त्याच. त्या आल्या की प्रसंग जिवंत होतो. उत्तरार्ध मात्र थोडा रेंगाळतो.

तो आवडला तर सॅम मेंडिसचा ‘अवे वी गो’ (२००९) जरूर बघा. तिथंही एक जोडपं बाळाची वाट बघत असतं, पण बाळ यायच्या आधीच त्यातल्या तरुणाचे आई-वडील बेल्जियमला राहायला निघतात! आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. इथं मात्र हे जोडपं फिनिक्स, मॅडिसन, मॉन्ट्रियल, मायामी पालथं घालतं, बाळाला वाढवायला घर कुठं करावं ते शोधत. वाटेत भेटणारी एकेक विक्षिप्त कुटुंबं बघून हसून पुरेवाट होते. नायिका माया रुडॉल्फ फार सुंदर काम करते, अगदी गप्प असतानाही.