ओट्सची धिरडी आणि सीताफळाचा गर

ओट्सच्या धिरड्याबद्दल पहिली तक्रार असते ती तुटण्याची. उलथताना मधोमध चिरतं, कडेचा तुकडा तव्याला धरून बसतो, नाहीतर वरून लाल दिसतं आणि आत लगदा निघतो. ही तक्रार करणारे बहुतेक जण मैद्याच्या पॅनकेकची कृती समोर ठेवतात आणि त्यातलं फक्त पीठ बदलतात. इचोड्याला आमच्या घरी वहिनी ही धिरडी करतात तेव्हा त्यांच्या डोक्यात मैदा नसतोच. त्या ज्वारीचं पीठ हाताळावं तसं ओट्स हाताळतात, आणि सगळं मर्म तिथंच आहे असं माझं ठाम मत झालं आहे.

इचोडा हैदराबाद-नागपूर महामार्गावरचं, निर्मल ते आदिलाबादच्या वाटेवरचं गाव. बाजारात एकाच गल्ल्यापुढे तेलुगू, मराठी, गोंडी आणि दखनी ऐकू येते. ओट्सची पाकिटं इथल्या किराणा दुकानात आता सहज मिळतात. ती घरात येतात बहुधा डॉक्टरांच्या सांगण्यावरून; कुणाचं कोलेस्टेरॉल वाढलेलं असतं, कुणाची साखर. पण या मुलखाचं रोजचं धान्य ज्वारी. शेतं कापसाने आणि सोयाबीनने व्यापली तरी भाकरी थापणारे हात घराघरात आहेत, आणि त्या हातांना ओट्सची अडचण लवकर कळते.

अडचण अशी. गव्हाच्या पिठात ग्लुटेन असतं. पाणी पडलं की त्याची जाळी बनते आणि त्या जाळीवर पोळी ताणली जाते, पॅनकेक फुगतो. ओट्समध्ये ती जाळी बनत नाही. ज्वारीतही बनत नाही. तरी भाकरी थापता येते, ती आधणामुळे. उकळतं पाणी पिठावर पडलं की सत्तर अंशांच्या आसपास त्यातला स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि उरलेलं पीठ धरून ठेवतो. पीठ जुनं झालं, त्याची विरी गेली, तर हेच आधण अधिक कढत घ्यावं लागतं. हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे, कुणी वहीत लिहून ठेवलेलं नाही.

ओट्सच्या बाबतीत आधणाचं निम्मं काम कारखान्यातच होऊन येतं. या दाण्यात चरबी बरीच, शंभर ग्रॅमला सहा-सात ग्रॅम. गव्हात त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. ती चरबी फोडणारं लायपेज हे विकरही दाण्यात असतं. दाणा नुसताच दळला तर पीठ लवकर खवट, कडू होतं. म्हणून टरफल काढलेल्या दाण्याला वाफ देतात, विकराचं काम थांबवतात, आणि मग रुळांखाली चेपून त्याचे पोहे करतात. पाकिटातले ओट्स असे आधीच वाफवलेले असतात, त्यामुळे ते गार दूधही भराभर पितात. शिवाय त्यांच्यात बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू असतो. ओला झाला की तो बुळबुळीत, दाट होत जातो. कोलेस्टेरॉल उतरतं ते याच तंतूमुळे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1997 मध्ये दिवसाला 3 ग्रॅम बीटा-ग्लुकनच्या आधारावर ओट्सच्या पाकिटावर हृदयाच्या आरोग्याचा दावा छापायला परवानगी दिली. शंभर ग्रॅम ओट्समधून साधारण चार ग्रॅम मिळतो. पण तव्यावर हाच तंतू आतला ओलावा सोडत नाही, आणि आच मोठी असली की धिरडं आतून चिकट राहतं.

आता वहिनींची पद्धत. शंभर ग्रॅम ओट्स त्या मिक्सरमध्ये थोडेच फिरवतात, बारीक रव्याएवढे. पूर्ण पीठ करत नाहीत. माझ्या दृष्टीने हे फार योग्य आहे, कारण दाणा जितका बारीक, तितकी रक्तातली साखर लवकर चढते. साखरेसाठी ओट्स आणायचे आणि त्यांची पावडर करायची हे उलटच झालं. दोन मोठे चमचे ज्वारीचं पीठ वेगळ्या वाटीत घेऊन त्यावर चार चमचे उकळतं दूध ओततात आणि घोटतात. लगेच घट्ट उकड होते. ती ओट्समध्ये कालवली की ग्लुटेनचं काम बऱ्याच अंशी तीच करते. मग एक लहान पिकलेलं केळं कुस्करून, दोन चमचे दही, चिमूटभर मीठ आणि पेलाभर दूध. ज्यांच्याकडे अंडं चालतं त्यांनी केळ्याऐवजी एक अंडं घालावं, धिरडं अधिक मजबूत होतं. गूळ घालायचा तर अगदी थोडा. केळ्याची आणि वरच्या फळाची गोडी पुरे असते.

यानंतर थांबायचं. पंधरा-वीस मिनिटं. मी पळी उचलली की वहिनी म्हणतात, “घाई नोका करू भाऊजी. पेऊ द्या त्याले दूध.” कालवलं तेव्हा सैल वाटणारं पीठ तेवढ्या वेळात इतकं दाट होतं की पळी त्यात उभी राहील. सुरुवातीला ते बरोबर दिसत असलं तर पुढे नक्की घट्ट होणार, हे धरून चालावं. मग चमचा-चमचा दूध घालून पळीतून जड, सलग धार पडेल इतपत सैल करायचं. सोडा सगळ्यात शेवटी, पाव चमचाच. दह्याशी गाठ पडताच तो फसफसतो आणि ते बुडबुडे इथं फार वेळ टिकत नाहीत. सोडा घातला की तवा तापलेलाच हवा.

तवा बिडाचा. तेल लावायला वांग्याचा देठ. गोड धिरड्याला कांद्याचा वास नको म्हणून त्या दिवशी कांदा बाजूला. आच मंदावर, पीठ तळहाताएवढंच सोडायचं. मोठं, तवाभर धिरडं ज्वारी-तांदळाचं होतं, ओट्सचं उलथताना मोडतंच. हट्ट करू नये. मैद्याच्या पॅनकेकला वर छिद्रं पडून ती उघडी राहिली की उलथायचं, ही खूणही इथं चालत नाही. छिद्रं कमी पडतात, उशिरा पडतात आणि त्यांची वाट बघेपर्यंत केळ्यातली साखर आणि दुधातली प्रथिनं खालून करपायला लागतात. वहिनी कडेकडे बघतात. कडेची ओली चकाकी गेली, रंग मातकट झाला आणि उलथन्याचं टोक खाली सहज सरकलं की वेळ झाली. झाकण ठेवतात ते पहिल्या मिनिटापुरतं. दुसरी बाजू निम्म्या वेळात होते. उतरवलं की ताटात एकावर एक रचायचं नाही, वाफ धरली तर कड मऊ पडून लोळागोळा होतो.

वरच्या फळासाठी इचोड्याला दिवाळीच्या आगेमागे दुसरा विचार करायचं कारणच नाही. आजूबाजूच्या डोंगरांतलं सीताफळ त्या दिवसांत उतरतं, आणि आदिवासी बायका टोपल्या घेऊन रस्त्याच्या कडेला बसतात. दूरदेशीची स्ट्रॉबेरी आणि ब्लूबेरी पॅनकेकवर घालतात म्हणून इथंही तीच शोधत फिरणं मला पटत नाही. फळ घेताना डोळे बघायचे: ते फुगलेले, मधल्या भेगा पिवळसर पांढऱ्या झालेल्या हव्यात. असं फळ दोन-तीन दिवसांत धान्यात पिकतं. कच्चं फ्रिजमध्ये ठेवलं तर काळं पडतं आणि पिकत नाही.

सीताफळाच्या गराचे दोन नियम मात्र मोडायचे नाहीत. पहिला बियांचा. मिक्सरमध्ये बियांसकट गर फिरवायचा मोह होतो, कारण बिया काढणं वेळखाऊ आहे. पण बी विषारी असते. अख्खी पोटात गेली तर तशीच बाहेर पडते, फुटली तर त्रास देते. उवा मारायला तिची भुकटी वापरायचे आणि ती डोळ्यांत जाऊन बुबुळाला इजा झाल्याची उदाहरणं आपल्याकडे डॉक्टरांनी नोंदलेली आहेत. म्हणून गर मोठ्या भोकांच्या चाळणीत घेऊन हाताने हळूहळू चोळायचा. पाकळ्या सुटतात, बिया वर राहतात. सालीलगतचा रवाळ थर खरवडू नये, तो दाताखाली वाळूसारखा लागतो.

दुसरा नियम उष्णतेचा. सफरचंद, पेरू, आंबा यांना गुळात शिजवून दाट करता येतं. सीताफळाला नाही. साठ-पासष्ट अंशांच्या पुढे गर कडवट होतो आणि गुलाबीसर तपकिरी पडतो. म्हणून बासुंदीतही तो दूध गार झाल्यावरच घालतात. वहिनी गरात दोन चमचे साय आणि लिंबाच्या रसाचे चार थेंब घालून वाटी गार पाण्यात ठेवतात. लिंबामुळे रंग टिकतो. धिरडं ताटात आल्यावर जरा निवू द्यायचं, कोमट झालं की वर गर. त्यावर तुपात परतलेली चारोळी, तीही याच जंगलांतली. गरम धिरड्यावर थंड गर ओतायची घाई करणाऱ्या मुलांना वहिनी ताट देत नाहीत, आणि बरोबर करतात.

सीताफळ संपलं की पपई येते, मग उन्हाळ्यात आंबा, पावसाच्या तोंडावर जांभूळ. जांभळाला मात्र किंचित मीठ लागतं आणि ते ओट्सच्या दुधाळ चवीशी फारसं जमत नाही. मी ते वेगळंच खाणं पसंत करतो. पपईत आंबटपणा नसल्याने लिंबू जास्त पिळावं.

अलीकडे आम्ही ज्वारीचे पोहे आणतो. हैदराबादच्या राजेंद्रनगरमध्ये भारतीय कदन्न संशोधन संस्था आहे. तिने ज्वारीपासून पोहे, रवा, शेवया करायची तंत्रं विकसित केली आणि तशी पाकिटं आता मिळतात. त्या पोह्यांची धिरडी करून बघितली तर फरक ताबडतोब कळतो. दूध ते कमी पितात, वीस मिनिटांनीही पीठ बुळबुळीत होत नाही, कारण ओट्समध्ये असतो तेवढा तो तंतू ज्वारीत नाही. म्हणून उकड दोन चमच्यांऐवजी चार चमच्यांची घ्यावी लागते आणि दूध चतकोराने कमी. आतून चिकट राहण्याचा प्रश्न मिटतो, कड कुरकुरीत होते, आणि सीताफळाचा गर त्यावर अधिक खुलतो. कोलेस्टेरॉलसाठी ओट्स ठेवावेत. नुसत्या चवीसाठी करायचं असेल तेव्हा वहिनी हल्ली ज्वारीच्या पोह्यांचाच डबा उघडतात.