एका बाँबफेकी विमानाचे उत्तरायुष्य

युद्ध संपले की तोफा बुरुजांवर गंजत राहतात. विमानाच्या नशिबी मात्र बहुधा भंगारच असते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत ‘लिबरेटर’ जातीची अठरा हजारांहून अधिक बाँबफेकी विमाने तयार झाली. त्यांपैकी युद्धानंतर उडण्याजोगी टिकली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यांतील एकाचे चरित्र भारताशी निगडित आहे.

हे विमान १९४४ साली टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे तयार झाले व लवकरच ब्रिटिश विमानदलाकडे गेले. युद्धानंतर अनेक लिबरेटरांबरोबर ते कानपूरला टाकून देण्यात आले. उसनवारीच्या कराराने आलेली ही विमाने पुन्हा कोणाच्या उपयोगी पडू नयेत म्हणून जाताना त्यांची मुद्दाम मोडतोड करण्यात आली होती. नवस्वतंत्र भारतापाशी जड बाँबफेकी विमाने नव्हती. तेव्हा बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यातील कारागिरांनी या सांगाड्यांतूनच सुटे भाग जमविले. उडण्यापुरते सिद्ध झालेले एकेक विमान कारखान्याचे वैमानिक जमशेद मुन्शी यांनी बंगलोरला नेले आणि तेथे त्याची संपूर्ण दुरुस्ती झाली. ही विमाने भारतीय विमानदलात १९६८ पर्यंत होती.

प्रस्तुत विमान १९८१ मध्ये एका ब्रिटिश संग्राहकाने घेतले व पुढे ते अमेरिकेतील कॉलिंग्ज प्रतिष्ठानाकडे गेले. दीर्घ परिश्रमांनंतर १९८९ मध्ये ते पुन्हा आकाशात झेपावले, गावोगाव हिंडू लागले आणि त्यात प्रवासीही बसू लागले. २०१९ च्या सुमारास अशा सुमारे अर्ध्या तासाच्या उड्डाणास साडेचारशे डॉलर पडत.

हा प्रवास सुखासनाचा नव्हे. बाराशे अश्वशक्तीची चार इंजिने सुरू झाली की शेजाऱ्याचे बोलणेही ऐकू येत नाही. पेट्रोलचा वास आणि बाजूच्या खिडक्यांतून शिरणारा वारा यांची संगत असते. बाँब ठेवण्याच्या कोठीतून पलीकडे जावयास जेमतेम वीतभर रुंदीची पायवाट आहे. तिच्या दोहो बाजूंची दारे दुकानाच्या गुंडाळत्या पत्र्यासारखी असून माणसाच्या भाराने निखळावीत इतकी हलकी आहेत. याच वाटेने विशीतली मुले, श्वासासाठी प्राणवायूची नळी लावून, गोठविणाऱ्या थंडीत ये-जा करीत. पुस्तकाची दहा पाने जे सांगत नाहीत ते ही एक वीत सांगते.

परंतु जुन्या यंत्रावरील प्रेम त्याच्या देखभालीची जागा घेऊ शकत नाही. ही विमाने आधुनिक प्रवासी विमानांच्या कसोटीस उतरत नाहीत. अमेरिकन सरकारने विशेष सवलत दिली म्हणूनच त्यांत भाडे देऊन बसता येई. २ ऑक्टोबर २०१९ रोजी कनेक्टिकटमधील ब्रॅडली विमानतळावरून याच प्रतिष्ठानाचे दुसरे एक विमान, बी-१७ जातीचे, तेरा माणसांना घेऊन उडाले. इंजिनात बिघाड झाल्याने ते माघारी वळले. पण धावपट्टीच्या अलीकडेच जमिनीवर आदळले. सात जण मृत्युमुखी पडले, त्यांत पाच प्रवासी होते. २०२० च्या मार्चमध्ये प्रतिष्ठानाची सवलत काढून घेण्यात आली. पुढील वर्षीच्या चौकशी-अहवालाने वैमानिकाच्या चुकीबरोबरच अपुरी देखभाल आणि सरकारी यंत्रणेची ढिली देखरेख यांवरही बोट ठेवले.

मग अशी विमाने केवळ संग्रहालयात उभी करावीत काय? उभे विमान आकार दाखविते. उडणारे विमान अनुभव देते, हे खरे. मात्र तो अनुभव घेणाऱ्यास धोक्याची पुरी कल्पना असावी, आणि तो देणाऱ्यावर अंकुश असावा. युद्धात त्या विमानांत बसलेल्या तरुणांपुढे पर्याय नव्हता. शांततेच्या काळात तिकीट काढून बसणाऱ्याचा जीव तरी निष्काळजीपणावर सोडता कामा नये. कानपूरच्या भंगारातून विमाने उभी करणाऱ्यांचे यशही अखेर काटेकोर कामाचेच यश होते.