युरियाचा भाव आणि तुरीची मुळे

शेतमालाच्या भावावर जितका वाद होतो, तितका खतांच्या परस्परांतील भावावर होत नाही. १ एप्रिल २०१० पासून केंद्र सरकारने अन्नद्रव्यांच्या प्रमाणात अनुदान देण्याचे धोरण स्वीकारले. स्फुरद व पालाशयुक्त खते त्यात आली, युरिया मात्र वगळला गेला. २०१८ मध्ये ४५ किलोच्या युरियाच्या गोणीची किंमत, कर व निंबोळी लेपाचा खर्च सोडून, २४२ रुपये ठरली. डीएपीची ५० किलोची गोणी २०२३ साली १,३५० रुपयांना पडत होती. हिशेब मांडला तर एक किलो नत्र बारा-तेरा रुपयांना आणि एक किलो स्फुरद पन्नास रुपयांहून अधिक किमतीला, असे प्रमाण निघते. अशा स्थितीत शेतकऱ्याने युरियाचीच गोणी उचलली, तर त्याला अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. सरकारने लावलेला भाव त्याने वाचला, एवढेच.

परंतु हा भाव जमिनीतील जीवसृष्टीही आपल्या परीने वाचते, ही गोष्ट धोरणकर्त्यांच्या ध्यानात आलेली दिसत नाही.

हवेत ७८ टक्के नत्र आहे, पण पिकाला ते थेट घेता येत नाही. द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींत हे नत्र बांधले जाते, हे हेलरीगेल व विल्फार्ट या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८० नंतरच्या दशकात दाखवले आणि १८८८ साली बायरिंक यांनी ते काम करणारे जिवाणू वेगळे काढले. आपल्याकडील शेतकरी त्याच गोष्टीला बेवड म्हणत आला आहे. हरभऱ्याच्या किंवा मुगाच्या बेवडावर पुढचे पीक चांगले येते, हा त्याचा अनुभव. हे जिवाणू मात्र फुकट राबत नाहीत. नत्राच्या बदल्यात वनस्पतीला त्यांना साखर पुरवावी लागते, आणि तीही थोडीथोडकी नव्हे. म्हणून जमिनीत तयार नत्र मुबलक मिळू लागले की वनस्पती गाठी कमी करते. बाहेरून माल स्वस्त मिळू लागताच कारखानदाराने कामगार कमी करावेत, त्यातलाच हा प्रकार! तुरीला वा सोयाबीनला युरियाचा जादा हात देणारा शेतकरी पैसे मोजून आपलेच फुकटचे नत्र बंद पाडत असतो.

टाकलेल्या युरियाचे पुढे काय होते? जमिनीतील जिवाणू त्याचे आधी अमोनियात आणि मग नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्रेटला मातीचे कण धरून ठेवत नाहीत. ते पाण्याबरोबर खाली झिरपते व विहिरीत उतरते. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. पाणी साचलेल्या वावरात दुसरे जिवाणू त्याचा वायू करून हवेत सोडतात. २०१५ मध्ये सर्व युरियाला निंबोळीचा लेप सक्तीचा झाला, तो या रूपांतराचा वेग कमी करण्यासाठीच. उपाय चांगला, पण भावाने केलेली चूक लेपाने झाकत नाही.

स्फुरदाची रीत नेमकी उलटी. ते उडून जात नाही, अडकून बसते. काळ्या चुनखडीयुक्त जमिनीत चुन्याशी, कोकणातील जांभ्या जमिनीत लोह व ॲल्युमिनियमशी त्याची गाठ पडते, आणि पहिल्या पिकाच्या वाट्याला सामान्यतः त्याचा लहान हिस्साच येतो. वर्षानुवर्षे ठेव वाढावी आणि पैसे काढायला गेले की खिडकी बंद असावी, तशी ही अवस्था आहे. ती खिडकी उघडण्याचे काम मुळेच करतात. हरभऱ्याच्या मुळांतून स्रवणारी आम्ले चुन्याने बांधलेले स्फुरद सोडवतात. हैदराबादजवळील इक्रिसॅट संस्थेतील संशोधकांनी १९९० मध्ये दाखवले, की तुरीच्या मुळांतून येणारे पिसिडिक आम्ल लोहाने जखडलेले स्फुरदही मोकळे करते. मुळांशी सहवास करणारी बुरशी आपले तंतू पसरून दूरचे स्फुरद आणून देते. स्फुरदाचा भरपूर पुरवठा झाला की तिलाही वनस्पती दूर करते.

अर्थात जिवाणूंच्या पाकिटांचा जो गाजावाजा चालतो, त्याला भुलण्याचे कारण नाही. उन्हात तापलेल्या दुकानात ठेवलेल्या पाकिटात जिवंत किती उरले, हे विकणारा सांगत नाही. शिवाय जिवाणू स्फुरद निर्माण करू शकत नाहीत; दडलेले तेवढे काढून देतात. धान्याच्या प्रत्येक पोत्याबरोबर काही स्फुरद गावाबाहेर जाते आणि ते कधीतरी भरून द्यावेच लागते. देशाची स्फुरदाची गरज मोठ्या प्रमाणावर आयातीवर अवलंबून असल्याने ही बाब किरकोळ नाही.

तरीही कडधान्य पिकवणारा शेतकरी जमिनीत जे ठेवून जातो, त्याचा मोबदला त्याला आज कोठेच मिळत नाही. अरविंद सुब्रमण्यन यांच्या समितीने २०१६ च्या सप्टेंबरात कडधान्यांवरील अहवाल दिला, त्यात हमीभाव ठरवताना अशा सामाजिक लाभाचाही विचार व्हावा, असे सुचवले होते. युरियाच्या गोणीमागे सरकार अनुदान देते; तुरीच्या गाठीने बांधलेल्या नत्रामागे देत नाही. युरियाचा भाव एकदम वाढवणे लहान शेतकऱ्याच्या मुळावर येईल, हे खरे. पण तो टप्प्याटप्प्याने वाढवून वाचलेली रक्कम कडधान्याच्या एकरामागे थेट द्यायला अडचण राजकीय आहे, हिशेबाची नाही. २०१५ पासून दिल्या जाणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा रकाने आहेत. त्यांत उपलब्ध स्फुरद नोंदलेले असते; जमिनीत एकूण किती अडकून पडले आहे आणि ते सोडवणारे कोणी जिवंत आहे की नाही, यासाठी रकाना नाही.