देव राज्य करतो, मग आमच्याच घरात पाणी का?



पावसाळा आला की आमच्या वडगाव-शहापूर भागातली माणसं आभाळाकडे नंतर बघतात, आधी बळ्ळारी नाल्याकडे बघतात. नाला किती भरला, शिवारात पाणी शिरलं का, भात तरला का बुडाला, हीच सकाळची पहिली चौकशी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मात्र चौकशी करायचीही गरज उरली नाही. पाणी शिवारात होतं, रस्त्यावर होतं आणि खालच्या अंगाच्या घरांमध्येही होतं.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक विणकर कुटुंब राहतं. घरातल्या थोरल्या बाईंना सगळे अक्का म्हणतात, मीही म्हणते. त्या ख्रिस्ती नाहीत. पण नाताळला आमच्याकडचा फराळ त्यांच्याकडे जातो आणि दिवाळीला त्यांच्याकडचा आमच्याकडे येतो, असा वीस-बावीस वर्षांचा शेजार. त्या पावसात त्यांच्या घरात गुडघाभर पाणी आलं. माग बुडाला, मोटार बुडाली, मागावर चढवलेला ताणा चिखलात गेला. व्यापाऱ्याकडून उचल घेतलेली होती, ती तशीच डोक्यावर राहिली.

पाणी ओसरल्यावर आम्ही मंडळीतल्या तीन-चार बायका डाळ-तांदूळ आणि चादरी घेऊन गेलो. आमची पद्धत म्हणून एक लहानशी प्रार्थना केली. मी निवृत्त शिक्षिका. समजावून सांगायची खोड मरेपर्यंत जाणार नाही. प्रार्थना झाल्यावर मी अक्कांना तो जुना दाखला सांगितला, जो आपण सगळ्यांनी कधी ना कधी उपदेशात ऐकलेला आहे. देव विणकर आहे, आपल्याला विणीची खालची बाजू दिसते, तिथे नुसत्या गाठी आणि लोंबते धागे असतात. वरून बघणाऱ्या देवाला मात्र सुंदर नक्षी दिसते. मला वाटलं, विणकराच्या घरात यापेक्षा शोभणारा दाखला कुठला?

अक्कांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "टीचर, एक विचारू काय? रागावू नका. मागावर धागा तुटला तर आम्ही माग थांबवतो. गाठ मारल्याबिगर पुढं एक बोट पण विणत नाही. तुमचा देव सगळ्यांवर राज्य करतोय म्हणता. मग आमचा धागा तुटला तवा त्यानं माग थांबवला काय?"

मी काहीतरी पुटपुटले आणि विषय बदलला. खरं सांगायचं तर माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

दोन वर्षं गेली. २०२१ च्या मे महिन्यात कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत माझा धाकटा भाऊ गेला. खाट मिळेपर्यंत दोन दिवस गेले, मिळाल्यावर पाच दिवस. दफनविधीला आम्ही चौघंच होतो. पाळकसाहेबांनी मास्कमधून शास्त्रपाठ वाचला, तो नीट ऐकूही आला नाही. मग फोन सुरू झाले. सगळे आपलेच लोक, प्रेमानेच बोलत होते. "देवाची इच्छा." "देवाला चांगली फुलं आवडतात, तो ती आधी तोडतो." "सर्व गोष्टी मिळून कल्याणच होतं, धीर धरा." एकेक वाक्य खिळ्यासारखं लागायचं. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की अक्कांच्या ओल्या घरात उभी राहून मी काय केलं होतं.

त्या दिवसांत माझी प्रार्थना बंद पडली होती. पवित्र शास्त्र मात्र सवयीने उघडत होते. रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय उघडला, कारण फोनवर सगळे त्यातलंच २८ वं वचन सांगत होते. या वेळी अध्याय पहिल्यापासून वाचला. त्या वचनाच्या आधी काय आहे ते आपण सहसा वाचतच नाही. २२ व्या वचनात सगळी सृष्टी कण्हते आहे. २३ व्या वचनात विश्वासणारे कण्हताहेत. २६ व्या वचनात पवित्र आत्मा स्वतः कण्हतो आहे, शब्दांत मांडता येऊ नये असं. असं तीनदा कण्हून झाल्यावर २८ वं वचन येतं. पौल कल्याणाची गोष्ट करतो ती कण्हणं झाल्यावर. आपण आधीचं सगळं वगळून थेट शेवटाला जातो, आणि जिचं दुःख ताजं आहे तिलाही तिथेच ओढून नेतो.

योसेफाचंही तसंच. भावांनी माझं वाईट योजलं, देवाने त्यातून चांगलं योजलं, हे उत्पत्तीच्या ५० व्या अध्यायातलं बोलणं आपल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे. पण ते कोण बोललं, आणि केव्हा? ज्याला खड्ड्यात टाकलं, विकलं, तुरुंगात डांबलं, तो योसेफ स्वतः बोलला आणि तेही कित्येक वर्षांनंतर. खड्ड्याच्या काठावर उभं राहून हे कुणी त्याला ऐकवलं नव्हतं. ज्याचं दुःख आहे त्यालाच ते वाक्य उच्चारायचा हक्क आहे. बाकीच्यांनी ते त्याच्या तोंडी कोंबू नये. ईयोबाचे मित्र सात दिवस-रात्र त्याच्याजवळ नुसते बसून राहिले, तोवर सगळं ठीक होतं. ते देवाची बाजू मांडायला लागले आणि बिघडलं. शेवटच्या अध्यायात देव रागावतो तो या वकिलांवर. देवाशी भांडणाऱ्या ईयोबाविषयी तो म्हणतो, की हा माझ्याविषयी बरोबर बोलला.

म्हणजे देवाची सत्ता मानणं आणि देवाजवळ तक्रार करणं या दोन गोष्टी एकाच मनात राहू शकतात. किंबहुना तक्रार घेऊन आपण त्याच्याकडेच जातो, कारण राज्य त्याचं आहे हे आपण मानतो. ज्याच्या हातात काहीच नाही त्याच्या दारात अर्ज घेऊन कोण उभा राहतो? १३ व्या स्तोत्राच्या सुरुवातीला दावीद देवाला "किती काळ" असं चार वेळा विचारतो. हबक्कूक संदेष्ट्याचं पुस्तकही याच प्रश्नाने सुरू होतं. ते संपतं तेव्हा अंजिराला फूल नसतं, वेलाला फळ नसतं, गोठा रिकामा असतो, आणि तरीही तो माणूस परमेश्वराच्या ठायी आनंद करायचं ठरवतो. त्याच्या शेतात काहीही बदललेलं नसतं. पण मधल्या दोन अध्यायांत त्याने देवाला प्रश्न विचारलेले असतात आणि बुरुजावर उभा राहून उत्तराची वाट पाहिलेली असते. आपल्याला ही वाट न चालता थेट शेवटचा आनंद हवा असतो.

त्याच काळात मी पंडिता रमाबाईंचं चरित्र पुन्हा हातात घेतलं. नोकरीत असताना वर्षानुवर्षं मुलांना त्यांच्याविषयी सांगत होते. 'मोठी विदुषी, मोठी समाजसेविका' असं सांगून मोकळी व्हायची. या वेळी नुसती त्यांच्या घरातल्या मृत्यूंची मोजदाद केली. जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत तीर्थोतीर्थी फिरणारे. दक्षिणेतल्या दुष्काळात या कुटुंबाने रानात पाला, पाणी आणि मूठभर रानखजूर यांवर दिवस काढले. आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास गेला. १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने गेले. मांडीवर वर्षाचीही न झालेली मनोरमा. रमाबाईंचं वय तेव्हा पंचवीसही नव्हतं.

त्यांचा बाप्तिस्मा झाला तो नंतर, १८८३ मध्ये, इंग्लंडातल्या वाँटेज इथे. म्हणजे ज्या देवाच्या हाती त्यांनी आपलं आयुष्य सोपवलं, त्याच्याकडे त्या सुखातून आल्या नव्हत्या. माझ्या मनाला भिडलं ते पुढचं. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. पुण्याला त्यांचं शारदा सदन चाललं होतं. बातमी ऐकून हळहळणं, चार पैसे पाठवणं पुरेसं होतं. पण भुकेने आपल्या माणसांचं काय होतं हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या स्वतः त्या भागात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली आणि बालविधवा घेऊन आल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेग. इतक्या मुलींना शहरात ठेवण्याची सोय नाही. मग केडगावच्या माळरानावर विहिरी खणल्या, शेती केली, मुलींना शिकवलं, हातात काम दिलं. त्यातून मुक्ती सदन उभं राहिलं.

उपाशी मुलीला देवाची योजना समजावत बसायचं नसतं, तिला आधी पेज द्यायची असते. विश्वास ठेवायचा म्हणजे हातावर हात ठेवून बसायचं, असं कुठे लिहिलंय? योसेफाला सात वर्षांच्या दुष्काळाची सूचना देवाकडून मिळाली; मग त्याने पिकाचा पाचवा हिस्सा बाजूला काढायला लावला आणि कोठारं भरून घेतली. देव पाहून घेईल म्हणत तो स्वस्थ बसला नाही. आपणही नाल्यात प्लास्टिकच्या पिशव्या टाकायच्या आणि पाणी घरात आलं की 'देवाची करणी' म्हणायचं, हा श्रद्धेचा नव्हे, आळसाचा प्रकार झाला.

रमाबाईंच्या वाट्याचं दुःख तरीही संपलं नव्हतं. १९२१ मध्ये मनोरमा गेली, एकुलती एक. रमाबाई तेव्हा पवित्र शास्त्राचं साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत भाषांतर करत होत्या. ते काम त्यांनी हातचं सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. मुलगी का गेली याचं उत्तर त्यांना मिळालं असेल असं मला वाटत नाही. पण समोरचं पान त्यांना ठाऊक होतं, आणि ते ज्याच्या हाती द्यायचं तोही ठाऊक होता.

आता अक्कांचा प्रश्न. तुमचा देव माग थांबवतो काय?

शुभवर्तमानं वाचताना मी आता एवढंच शोधत असते, की येशू कुठे कुठे थांबला. यरीहोच्या रस्त्यावर आंधळा बार्तीमय ओरडत होता, लोक त्याला गप्प करत होते, येशू थांबला. लाजराच्या कबरेपाशी, आता आपण याला उठवणार हे माहीत असूनही, येशू आधी थांबला आणि रडला. याईराच्या मरणाला टेकलेल्या मुलीकडे घाईने जाताना, बारा वर्षं आजारी असलेल्या एका बाईसाठी येशू गर्दीत थांबला. हा प्रसंग मला अजून जड जातो. कारण त्या थांबण्यात उशीर झाला आणि याईराला रस्त्यातच निरोप आला, मुलगी गेली. त्या बापाच्या जागी मी उभी राहिलेली आहे. येशू त्याला कारणं देत बसत नाही. भिऊ नको, विश्वास धर, एवढंच सांगून त्याच्याबरोबर त्या रडणाऱ्या घरात जातो. याईराची मुलगी उठली. माझा भाऊ उठला नाही, पुनरुत्थानाच्या दिवसापर्यंत उठणार नाही. पण माझ्या घरातही तो माझ्याबरोबर आत आला, हे मी आज सांगू शकते. त्या मे महिन्यात सांगू शकत नव्हते.

आणि तो आत आला कसा, तेही सांगते. भावाला पुरून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी दारात डबा घेऊन अक्का उभ्या. रोगाची भीती होती, म्हणून आत आल्या नाहीत. डबा पायरीवर ठेवला, पलीकडे कट्ट्यावर बसल्या. तासभर बसल्या असतील. एक शब्द बोलल्या नाहीत. जाताना एवढंच म्हणाल्या, "टीचर, आता काय पण काम करू नका. थांबा जरा. धागा तुटलाय."

डब्यात भाकरी आणि पिठलं होतं. तीन दिवसांत पहिल्यांदा मी पोटभर जेवले आणि मग रडले.

या पावसाळ्यात पुन्हा कुणाच्या घरात पाणी येईल, कुणाच्या घरात मरण येईल. वाचकहो, एवढीच विनंती. तिथे जाताना देवाची बाजू मांडायला जाऊ नका. त्याचं राज्य आपल्या वकिलीवर टिकलेलं नाही. डबा न्या. कट्ट्यावर बसा. त्या माणसाला कण्हू द्या. विचारलं तरच बोला, आणि माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. राज्य त्याचं आहे, म्हणूनच सगळी उत्तरं आपल्याकडे असायची गरज नाही.

अक्कांचा माग दुरुस्त होऊन पुन्हा सुरू झाला आहे. त्यांच्या प्रश्नाचं हे उत्तर मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. हे पान छापून आलं की त्यांच्या नातीकडून वाचून घेतील. रागावणार नाहीत, अशी आशा आहे.

प्रभूमध्ये आपली,
एक निवृत्त शिक्षिका, बेळगाव